कुठला ‘ने’?

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि राहिलेली अर्धी दाढी पुरी केली... लगेच खाली जाऊन घरच्यांच्या तोंडाकडं बघायचं धाडस नव्हतं. का, ते आज लिहितो.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर बसून, जुन्या बाजारातल्या शब्दकोशांतून युरोपभर हिंडली. ‘ने’ हा तिचा लाडका शब्द. प्रागकडच्या झेक भाषेत ने म्हणजे नाही; आपल्या ‘न’चाच लांबचा भाऊ. ग्रीकमध्ये मात्र ने म्हणजे चक्क हो. त्याचं कूळच वेगळं. आणि फ्रेंचमधला ने म्हणजे जन्मलेला, आपल्या ‘जन्म’शी नातं सांगणारा. “चहा घेणार?” असं तिनं विचारलं की मी म्हणायचो, “ने.”

“कुठला? ग्रीसचा की प्रागचा? नीट सांग की सुध्या, नाहीतर मीच पिऊन टाकते!”

पक्षाघातानं तिची वाचा गेली. एकदोन अक्षरं तेवढी उरली. थोडे दिवस म्हणून मी तिला होटगीजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. शेवटच्या भेटीत विचारलं, “अक्का, बरं वाटतंय की इथं?” तिनं माझी बाही मुठीत धरली. म्हणाली, “ने.”

मी हसलो. शेजारच्या खाटांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “ग्रीसचा ना? शाब्बास!”

ती हसली नाही. दाराकडं पाहिलं. “ने...”

मी बाही सोडवून घेतली. घरी येऊन सांगितलं, अक्का मजेत आहे, स्वतः हो म्हणाली.

मला तेव्हाच कळलं होतं. तो ने ग्रीसचा नव्हता, प्रागचाही नव्हता. गड्ड्याच्या जत्रेला ती निघाली की तिच्या परकराला लोंबकळून मी म्हणायचो, तो होता. मला ने. आणि ती न्यायची, दरवेळी. इथं घरी तिची खोली रिकामी होती, पलंग तसाच होता. मला तिची उस्तवार नको होती... एवढंच.

परवा मुलानं माडीवरून हाक मारली, “बाबा, आत्याचा पलंग खाली नेऊ का?”

उत्तर एका अक्षराचं. मी जिन्यातच थांबलो. तोंड उघडलं, पण ते अक्षर फुटेना.

“बाबा? नेऊ ना?”

पलंग अजून माडीवरच आहे.