फ्रीजरमधला माझा डबा

प्रयोगशाळेत कुणाच्या शब्दावर विसंबू नये, पुरावा बघावा, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. फ्रीजरला मात्र कुलूप नव्हतं, आणि मैत्रिणीकडे पुरावा कोण मागतं?

पीएचडीसाठी मी रोज जुनी इंदूर भागातून शहराबाहेर सिमरोलच्या बाजूला बसने जायचे. माझं सगळं काम एका प्रोटीनवर होतं. उंदराचं म्हणायचं, पण उंदराला हातही न लावता जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. करंगळीएवढी एकच कुपी परदेशातून आली होती, तळाला नजरेला न दिसणारी भुकटी. आई म्हणायची, "घरात उंदीर दिसला की आपण पिंजरा लावतो, आणि तू त्याचं प्रोटीन बर्फात घालून मागवतेस."

हे प्रोटीन एकदा विरघळवलं की लहान नळ्यांत वाटून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये आपापल्या डब्यात ठेवायचं आणि लागेल तशी एकेक नळी काढायची. पहिली नळी मी उंदराच्या पेशींवर घातली आणि त्या मला हव्या तशा फुगल्या, पसरल्या. नंतरच्या एकाही नळीने काही झालं नाही. महिनोन्महिने नाही. सर म्हणाले, पहिला निकाल तुक्का होता, विषय बदला. मला माझ्या हातांचीच शंका यायला लागली. मी पुन्हा पुन्हा टेबल पुसायचे, मापं तपासायचे आणि मग रडायचे. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तेव्हा मला हाताला धरून कॅन्टीनला न्यायची. आमची बस एक, जेवणाचा डबाही एकच. "टेन्शन नको घेऊ यार," ती म्हणायची, "सबके साथ होतं असं. दुसरा विषय धर." शेवटी मी विषय सोडला.

पुढच्या वर्षी तिचा सेमिनार होता. पडद्यावर उंदराच्या पेशी आल्या, फुगलेल्या, पसरलेल्या. खाली माझ्या प्रोटीनचं नाव. सरांनी खूश होऊन मान डोलावली. ते प्रोटीन अख्ख्या लॅबमध्ये एकदाच आलं होतं आणि ते माझ्या डब्यात होतं.

मी तिला जिन्यात गाठलं.

"थोडंच घेतलं गं," ती म्हणाली.

"माझ्या नळ्या तर भरलेल्या होत्या."

"सलाईन घातलं ना त्यात. रिकाम्या दिसल्या असत्या तर तुला बुरा वाटलं असतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. इतके महिने मी पेशींवर मिठाचं पाणी घालत होते आणि ही शेजारी बसून बघत होती. माझा पहिला निकाल बरोबर होता, माझे हातही बरोबर होते, आणि हे जगात फक्त तिला माहीत होतं.

"आणि मी रडत होते तेव्हा?" मी विचारलं.

तिने ओढणी सारखी केली. "मला काय मालूम, तू इतके दिवस लावशील," ती म्हणाली. "वाटलं, जल्दी सोडून देशील."