आधी मास्तरांना विचारा

वहिनी,

तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे. तुझ्या घरात सगळं आधी विचारून करायचं असतं, हे मला माहीत आहे. पण विचारलं असतं तर तू तोंड फिरवलं असतंस आणि मग मला थांबावं लागलं असतं. या वयात मला थांबायला वेळ नाही.

नणंदेने भावजयीबद्दल चार चांगले शब्द लिहावेत हे कोणाला पटणार नाही. न पटू दे. आणखी एक. ‘तू, तू’ करत लिहिलं तर तू ओळीओळीला मध्ये तोंड घालशील, ‘असं नव्हतं गं, ते तसं होतं.’ म्हणून इथून पुढे तू ‘ती’. गप्प बसून वाच.

तर, गल्लीत तिला रिंगमास्तरीण म्हणतात. नाव दूधवाल्याने ठेवलं. एका सकाळी तो दारात आला तेव्हा हिच्या कडेवर एक रडकं पोर, दुसऱ्या हाताच्या कवेत काळा ससा, मागे कुत्रा, खिडकीत मांजर आणि पायाला बिलगलेली आणखी दोन पोरं.

“काकू, खेळ किती वाजताचा?”

“तिकीट काढून ये. आणि कालचं दूध पाणचट होतं, तो खेळ आधी करू.”

तळमजल्यावरच्या तीन खोल्या आणि पुढे रुमालाएवढं अंगण. पुढच्या खोलीत पाळणाघरातली मुलं खेळायची, मधल्या खोलीत झोपायची, मागे स्वयंपाकघर. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान. घड्याळांच्या पोटात डोकं घालून घालून तो माणसांशी बोलायचं जवळजवळ विसरलेला. तिला ते चालायचं. दोघांच्या वाटचं ती एकटी बोलायची.

मांजर एकदा खिडकीतून आत आली. उद्या जाईल म्हणून तिचं नाव पाहुणी ठेवलं. तो उद्या अजून उजाडलेला नाही. ससा अंगाने काळा आणि गळ्याशी पांढरा, म्हणून वकील. आणि कुत्रा म्हणजे मास्तर. तांबूस, भलेमोठे, एक कान उभा आणि एक पडका. मुलं गाणं म्हणायला लागली की समोर बसून ऐकायचे आणि कंटाळले की मोठी जांभई द्यायचे. पोरं त्यांना अहोजाहो करायची, त्यामुळे बाकीच्यांनाही करावं लागायचं. शिवाय मास्तर या घरात पाळणाघराच्या आधीपासून. शेजारच्या नर्सबाईंनी ‘माझी ड्यूटी संपेपर्यंत बाळाला बघाल का?’ म्हणून विचारलं, तेव्हा कुठे या उद्योगाची सुरुवात झाली. सेवाज्येष्ठता मास्तरांची.

लोकांना वाटतं, जनावरं आणि लहान पोरं एका घरात म्हणजे नुसता सावळागोंधळ. तिच्याकडे गोंधळ नव्हता. मास्तरांचं जेवण मागच्या दाराआड, मुलांचं पुढे. दोघांची भांडी एकत्र घासायची नाहीत, फडकी वेगळी, बादल्या वेगळ्या. पाहुणीची मातीची पाटी मागच्या बाजूला आणि त्या दाराची कडी पोरांच्या हातापेक्षा उंच. लशी, जंतांचं औषध, नखं कापणं, सगळं वेळच्या वेळी. मुलं आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही म्हणजे नाही. तिला न्हाणीघरात जायचं झालं तर मास्तर न्हाणीघराच्या दाराशी पहाऱ्याला.

पण खरी गंमत मुठीची. सकाळी आलेल्या मुलाने चपला काढायच्या, हात धुवायचे आणि मास्तरांच्या सतरंजीसमोर उभं राहायचं. मूठ मिटून खाली धरायची आणि थांबायचं. मास्तरांनी नाक लावलं तर मानेवरून हात फिरवायला परवानगी. मास्तरांनी तोंड फिरवलं तर नाही. मग रडायचं नाही, पुन्हा विचारायचं नाही, सरळ कागद आणि खडू घेऊन बसायचं. शेजारच्या खुंटीवर पिवळा टॉवेल लटकलेला असला तर मास्तर रजेवर. त्या बाजूला फिरकायचंच नाही. गॅसवाला, मीटर बघणारा, नणंद, कोणालाही सूट नव्हती.

“मुलं आठवड्यात शिकतात,” ती सांगायची. “बापांना वेळ लागतो.”

आता चिमणीची गोष्ट. चिमणी म्हणजे बँकेतल्या बाईंची मुलगी, जेमतेम अडीच वर्षांची, आवाज चिमणीएवढा आणि हट्ट हत्तीएवढा. या बाईंच्या शब्दावर त्यांच्या बँकेतल्या बऱ्याच जणींनी आपली मुलं इथे घातली होती. पाळणाघर भरलं होतं ते त्यांच्यामुळे, हे ती स्वतःच सांगायची. एका शुक्रवारी संध्याकाळी बाई आल्या त्या तणतणतच.

“काकू, माझ्या सासूबाई काल आल्या. इतक्या लांबून! नातीला घ्यायला हात पुढे केले, तर हिने काय केलं माहितीये? त्यांच्या नाकाखाली मूठ धरली.”

ती हसली. हसायला नको होतं.

“हसताय काय? सासूबाई म्हणाल्या, पोरीने मला कुत्रं समजलं!”

“मग, वास घेतला का त्यांनी?”

“काकू! आणि माझ्या दिरांनी लाडाने गाल ओढायला हात पुढे केला, तर ही तोंड फिरवून म्हणते, मी नाही म्हटलं. चारचौघांत! आम्हाला कुठे तोंड लपवू असं झालं.”

“नाही म्हटलं तर म्हटलं. त्यात काय?”

“हे कुत्र्याचं वळण आहे. माझी मुलगी माणसांत वाढायला हवी.” बाईंनी चिमणीची पिशवी खांद्याला लावली. “सोमवारपासून कुत्रा घरात असेल, तर माझी मुलगी नसेल. आणि ऑफिसात इतरांनाही मी सांगणार आहे.”

बाई गेल्या. ती दारात तशीच उभी राहिली. हल्ली लोक वेळ फोनवर बघतात. घड्याळाच्या दुकानावर घर चालायचे दिवस कधीच गेले होते. बँकेतली मुलं गेली असती, तर पाळणाघर बसलंच असतं. हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, “मास्तर दिवसभर माझ्याकडे दुकानात राहतील. कोणाच्या डोळ्यांवर यायला नको.”

बोलणं शहाणपणाचं होतं. म्हणून तर ती जास्त चिडली. पण हो म्हणाली, आणि बाईंना तसा निरोप धाडला.

सोमवारी सकाळी मास्तर नवऱ्याच्या मागून दुकानात गेले. मुलं एकेक करून आली, चपला काढल्या, हात धुतले आणि रिकाम्या सतरंजीसमोर रांगेत मुठी धरून उभी राहिली.

“मास्तर नाहीत आज,” ती म्हणाली. “दुकानात गेलेत.”

“कोणाला विचारून?” सगळ्यांत मोठा होता तो म्हणाला. वय चार, अधिकार चाळिशीचा.

तिने केळ्यांचा घड खाली उतरवला.

“मास्तरांना विचारलं का, दुकानात जाता का म्हणून?”

“चला, केळी खाऊ या,” ती म्हणाली. बाकीची पोरं केळ्यांकडे वळली. चिमणी वळली नाही. मूठ पुढे धरून सतरंजीसमोर बसून राहिली. केळं नको, दूध नको. मूठ खाली घे म्हटलं तर म्हणे, “थांबलेय.” थांबायचं, हे या घरातच तर शिकवलं होतं तिला. मधल्या खोलीत अंथरुणं घातली, मुलं आडवी झाली. चिमणीला सतरंजीसमोरच डुलकी लागली, तरी मूठ मिटलेलीच.

पोरं उठली तशी तिने गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि खुंटीवरची दोरी काढली. मुलांना बाहेर न्यायची ती दोरी; हातभर अंतरावर गाठी, एका गाठीला एक मूल. सर्वांत लहान कडेवर.

“वकिलांना पण घेऊ या,” मोठा म्हणाला.

“कोर्टात नाही चाललो. गाठ धर.”

भर दुपारी गल्लीतून वरात निघाली. पुढे ही, अंगात एप्रन तसाच, मागे गाठीगाठीला पोरं. दूधवाला सायकल थांबवून बघतच राहिला.

“काकू, सर्कस दौऱ्यावर?”

“मालकाला आणायला चाललेय. बाजूला हो.”

दुकानात एक गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून उभं होतं. मास्तर बाकाखाली, हनुवटी फरशीवर, उभा कानही पडलेला. पोरं आत शिरली आणि एका रांगेत मुठी खाली धरून उभी राहिली. गिऱ्हाईकाला काही कळेना. तेही बिचारं मागे सरून थांबलं. मास्तर उठले, अंग झाडलं आणि एकेका मुठीला नाक लावत गेले. चिमणीची मूठ शेवटची. नाक लागलं आणि सकाळपासून मिटलेली ती बोटं उघडली.

नवऱ्याने डोळ्याचं भिंग काढलं. “मग?”

“मग काय? घरी नेतेय.”

“आणि बँकेतल्या बाई?”

“बाईंना नाही म्हणायला मी घाबरले. म्हणून या पोरांसमोर मला केळी पुढे करून विषय बदलावा लागला. आता नाही घाबरत.”

त्याने पट्टा आधीच काढून ठेवला होता. तो तिच्या हातात दिला. “मला वाटलंच, तू येशील,” तो म्हणाला. “सकाळी त्यांचा डबा दिला नव्हतास.”

शुक्रवारचं जेवतानाचं बोलणं सोडलं, तर त्या महिन्यात तो बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य असावं.

संध्याकाळी बाई आल्या नाहीत. बँकेत अडकल्या होत्या. आल्या त्यांच्या सासूबाई. थोराड बाई, हातात काठी, चष्मा नाकाच्या टोकावर. फाटकापाशी त्या बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या. कारण फाटकावर दोन पाट्या होत्या. वरची आधीच्या भाडेकरूची, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. तिच्याखाली हिने लावलेली, ‘पाळणाघर’. वाचून झाल्यावर त्या आत आल्या, आणि समोर सतरंजीवर मास्तर.

“सूनबाई तर म्हणाली, कुत्रा गेला.”

“गेला होता. परत आणला.” ती उभीच होती, हात पुसत. “आजी, सरळ सांगते. या घरात तुमच्या नातीची जागा आहे आणि मास्तरांचीही आहे. दोघांतलं एक मी काढणार नाही. काढायचं ते तुम्ही काढा. फक्त नेताना तिचा स्वेटर विसरू नका, मधल्या खोलीत वाळत घातलाय.”

आजीबाई खुर्चीत बसल्या, काठी भिंतीला टेकवली. तेवढ्यात पाहुणीने खिडकीतून उडी मारली ती थेट त्यांच्या मांडीवर, आणि गोल होऊन बसली.

“ए! पाहुणीने विचारलं नाही!” पोरांनी घर डोक्यावर घेतलं. “आजींना विचारलंच नाही!”

आजीबाईंनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला. “असू दे रे,” त्या म्हणाल्या. “मला आजवर विचारलंय कोणी? लहानपणी जो येईल तो गाल ओढून जायचा. एक मामा होता, त्याच्या नुसत्या चपला वाजल्या की मी पलंगाखाली.” मांजरावरून फिरणारा त्यांचा हात थांबला. मग त्यांनी मूठ मिटली आणि खाली वाकून चिमणीसमोर धरली.

चिमणीने तोंड फिरवलं.

रिंगमास्तरीण स्वयंपाकघराच्या दारात होती. एरवी पटकन पुढे झाली असती, हसून वेळ मारून नेली असती. या वेळी जागची हलली नाही.

“आता काय करायचं?” आजीबाईंनी मोठ्याला विचारलं.

“नाही म्हणजे नाही. पुन्हा विचारायचं नाही. हा घ्या खडू.”

आणि त्या थोराड बाई निमूटपणे खडू घेऊन मांडीवरच्या मांजराला सांभाळत पाटावरच्या कागदावर घर काढू लागल्या. घर झालं, झाड झालं. झाडावर काहीतरी काढलं, ते पक्षी होतं की छत्री कळेना. चिमणी हळूहळू जवळ सरकली. चित्र बघितलं, आजीकडे बघितलं आणि आपली मूठ आजीच्या नाकाखाली धरली.

आजीबाईंनी वास घेतला. चांगला खोल, आवाज करून. चिमणी खिदळली आणि मांडीवर चढायला निघाली. पाहुणीला जागा सोडावी लागली.

त्या रात्री बँकेतल्या बाईंच्या घरी काय झालं ते मला ठाऊक नाही. सकाळी चिमणी आली, एवढं खरं. दोन मुलं मात्र गेली, ती गेलीच. परत आली नाहीत. महिनाभर ओढाताण झाली. मग आजीबाईंनी बागेत फिरायला जाऊन जाऊन ओळख ना पाळख अशा आयांना पकडलं, ‘असं पाळणाघर शोधून सापडणार नाही’, आणि जागा भरल्या. बाई बरेच दिवस घुश्शात होत्या, कामापुरतं बोलायच्या. एका सकाळी त्यांनी पर्स खाली ठेवली आणि कोणी बघत नाही असं वाटून मास्तरांपुढे मूठ धरली. मास्तरांनी तोंड फिरवलं. बाई पर्स उचलून मुकाट्याने कामाला गेल्या. पुन्हा विचारलं नाही. आईबापांत असं पटकन शिकलेलं दुसरं कोणी नाही, असं ती अजून सांगते.

मास्तर आता नाहीत. सतरंजीवर त्यांच्या जागी एक करडी कुत्री बसते, तिला मुलं हेडबाई म्हणतात. तिथून बाहेर पडलेली पोरं आता मिशा घेऊन, चष्मे लावून भेटायला येतात. काकूच्या पाया पडत नाहीत, गळ्यात पडत नाहीत. दारात उभी राहून मूठ पुढे धरतात आणि थांबतात. आमच्या घराण्यात वकील झाले, इंजिनीअर झाले, एक जण परदेशात मोठ्या पगारावर आहे. मी कॉलेज केलं, चार माणसांत भाषणं ठोकली. पण कोणी विचारलं, की तुमच्याकडे सांगण्यासारखं कोणी आहे का, तर मी तळमजल्यावरच्या त्या तीन खोल्यांकडे बोट दाखवते.

आता पुन्हा ‘तू’. वहिनी, आजीबाई त्या दिवशी जाता जाता म्हणाल्या होत्या, “आधी ती फाटकावरची पाटी बदला बाई, लोक घाबरून परत जातील.” दुसऱ्याच दिवशी तू पत्रा आणलास, दादाने त्याला पांढरा रंग दिला. मग तू म्हणालीस, त्यावर ‘आधी मास्तरांना विचारा’ एवढंच लिहायचं. मी म्हटलं, लोकांना शिकवणीचा वर्ग वाटेल. तू म्हणालीस, वाटू दे, आहेच. मी म्हटलं, निदान खाली ‘पाळणाघर’ तरी लिही. तू तोंड फिरवलंस. रंगाऱ्याकडे दोघींनी मिळून जायचं ठरलं होतं, म्हणून पत्रा माझ्याकडे ठेवलास, आणि ते जाणं राहूनच गेलं. तो माझ्या कपाटामागे आहे. कोरा.