जपानशी बोलायचं होतं

मला फक्त जपानशी बोलायचं होतं.

सत्तरच्या दशकात सोलापुरात बसून अशी इच्छा धरणं म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण, असं आमच्या मंडळींचं, म्हणजे सुमनचं, मत. पण हौशी रेडिओवाल्यांविषयी मी कुठंसं वाचलं आणि भर दुपारी गच्चीवर बांधलेल्या एरियलच्या तारेकडं बघत तासन्‌तास बसू लागलो. या तारेतून समुद्रापलीकडचं कुणी मला साद घालणार! नुसत्या विचारानं अंगावर काटा यायचा.

परवान्यासाठी परीक्षा होती. मोर्सचे, म्हणजे टिंब-रेघांचे, कडकट्ट संदेश कानानं ऐकून कागदावर उतरवायचे. मंगळवेढ्याची मॅट्रिक झालेली सुमन रोज बटण दाबून संदेश पाठवायची, मी लिहायचो. खाली घरमालकांचे बारा यंत्रमाग खटाक्‌-खटाक्‌ चालायचे. वर्षभरात मी तरबेज झालो.

मुंबईत परीक्षेच्या खोलीत शिरलो आणि घात झाला. तिथं शांतता होती! मागांशिवाय मला एक अक्षर कळेना. (शेवटी स्वतःच्या छातीची धडधड लिहून आलो.) अर्थातच नापास.

"आवो, माग न्हाई तर मी हाय की!" सुमन म्हणाली.

दुसऱ्या खेपेला ती दाराबाहेरच्या बाकावर बसली आणि जेवणाच्या डब्यावर चमचा आपटू लागली. खटाक्‌-खटाक्‌! मी डोळे मिटले. सोलापूर आलं. अक्षरं झरझर उतरू लागली.

परीक्षकांनी कागद वाचला. "एकही चूक नाही."

मी जपानला पोचलोच होतो.

"पण हा संदेश माझा नाही," ते पुढं म्हणाले.

कागदावर इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी होतं: 'गाडी चुकेल. आटपा.'

त्यांनी दार उघडलं. सुमन चमचा कधी आपटत होती, कधी झाकणावर घासत होती. टक्‌ म्हणजे टिंब, खर्र म्हणजे रेघ.

"कवाधरनं सांगतीया!" ती माझ्यावर डाफरली.

"बाई, हात सुरेख आहे तुमचा," परीक्षक म्हणाले. "तुम्हीच का अर्ज भरत नाही?"

"मी? मला कुटं कुणाशी बोलायचंय?"

पण भरला. पहिल्या फटक्यात पास! मी तिसऱ्यांदा नापास. (या वेळी ती आत होती, डबा कोण वाजवणार?)

आणि एका दुपारी जपान खरंच बोललं. आमच्या माडीवर! सुमन बटणावर, मी शेजारी पेन्सिल घेऊन.

जपाननं विचारलं, घरात आणखी कुणी रेडिओवालं आहे का?

सुमननं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि कळवलं, "नाही. मी एकटीच."

मी तेही अचूक उतरवून घेतलं.