एका ताम्हणात दोन बोल्ट

बोल्ट म्हणजे रायफलचं मागचं दार. काडतूस आत ढकलायचं, दांडी खाली दाबायची, की बोल्टचे दोन कान बॉडीच्या खाचांत जाऊन बसतात. बार उडाला की सगळा मागचा धक्का तेच दोन कान झेलतात. ते खाचांना सारखे टेकावेत म्हणून मी त्यांना काजळी फासायचो, बोल्ट लावायचो, काढायचो, काजळी कुठे पुसली ते बघायचो आणि केसाएवढं घासायचो. एकेका बोल्टला दोन-दोन दिवस जात. पौडातली माणसं म्हणायची, मिस्त्री रायफलीला नटवतोय. म्हणोत बापडी. एका रायफलीचा बोल्ट दुसरीला चालत नाही, एवढी साधी गोष्ट काही मी त्यांच्या डोक्यात घालू शकलो नाही.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. लष्कराच्या वर्कशॉपातली नोकरी सोडून मी पौडात दुकान टाकलं होतं. दसऱ्याची सकाळ. लोखंड आवळून धरायच्या माझ्या शेगड्यावरची खंडेनवमीची झेंडूची फुलं अजून काढलीही नव्हती, तेवढ्यात मुळशीच्या बाजूच्या एका गावचे थोरले पाटील रायफल घेऊन हजर.

"मिस्त्री, बोल्ट लागंना. दोन हात कानस मारा. सांजच्याला शिलंगणाचा बार काढायचाय."

मी बोल्ट उपसला. कानांच्या मागे हळदीकुंकवाचा लगदा. आणि बोल्टवरचा नंबर एक, बॉडीवरचा दुसराच.

माझं डोकं फिरलं. वडलांनी दोघा भावांना एकाच घडणीच्या दोन रायफली घेऊन दिल्या होत्या, दोन्हींचे बोल्ट मीच बसवले होते. वडील गेले, वाटण्या झाल्या, अंगणात भिंत आली, बोलणं बंद. ताटं-वाट्यासुद्धा वाटल्या, देव तेवढे थोरल्याकडे राहिले. म्हणून खंडेनवमीला धाकट्याची रायफल भिंतीवरून पूजेला यायची. यंदा थोरल्या वहिनींनी दोन्ही बोल्ट काढून एकाच ताम्हणात ठेवले, हळदीकुंकू वाहिलं, आणि हाताला आला तो बोल्ट हाताला आली त्या रायफलीत घातला. अगदी भक्तिभावाने.

"पाटील, हा धाकट्यांचा बोल्ट. तुमच्या रायफलीत लागत नाही, हे तुमचं नशीब. तुमचा मात्र त्यांच्या रायफलीत ढिला बसणार. ढिल्या बोल्टात काडतूस फुटतं आणि जाळ मागे येतो, नेम धरलेल्या डोळ्यात."

धाकट्या पाटलांचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. नेम धरायला आणि जग बघायला उजवा तेवढा उरला होता. तेही संध्याकाळी बार काढणारच होते.

थोरल्यांनी धाकट्याचा बोल्ट फडक्यात गुंडाळला. मग म्हणाले, "मी त्येच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. तुमी चला."

सणाचा दिवस, घरात पुरण शिजतंय, आणि मी यांच्या बैलांच्या दमणीत हाडं खिळखिळी करत चाललोय. गावात पोचल्यावर थोरले भिंतीच्या आपल्या बाजूला उतरले, मी धाकट्यांकडे गेलो. ते ओसरीवर रायफल मांडीवर घेऊन बोल्ट मागेपुढे करत बसले होते.

"बघा मिस्त्री, लोण्यावानी चालतोय. तुमी बसवला तवा असा चालत न्हवता."

मी गेज काढलं. काडतुसाच्या आकाराचंच, पण अंमळ लांब. त्याच्यावर बोल्ट बंद होता कामा नये. तो गुपचूप बंद झाला. मी सांगितलं, हा भावाचा बोल्ट आहे, डोळा जाईल, बदलून घ्या.

त्यांचा चेहरा खुलला. "त्येचा हाय? मग बराबर. आबांनी चांगला माल त्येलाच दिला असणार. आता देवानं वाटणी सुधरली, ती मोडाय आलाय व्हय तुमी? त्येनंच पढवून धाडलंय तुमाला."

या माणसाला शेंदूर फासून पारावर बसवावं असं मला वाटलं. मी आवाज चढवला, हात जोडले, काही उपयोग नाही.

तेवढ्यात पलीकडून सगळं ऐकत असलेले थोरले भिंतीला वळसा घालून आले. वाटण्यांनंतर पहिल्यांदाच त्यांनी तो उंबरा ओलांडला. हातात धाकट्याचा बोल्ट.

"चोरा, माझा बोल्ट टाक हितं. चांगला हाय म्हून दाबून बसलास व्हय?"

"तुज्या बापाचा हाय का?"

"बापाचाच हाय. तुज्याबी."

गल्ली गोळा झाली. झटापटीत थोरल्यांनी रायफल हिसकली, आपला बोल्ट उपसला, दुसरा भावाच्या अंगावर फेकला आणि तरातरा निघून गेले. मी धाकट्यांचा बोल्ट पुसून त्यांच्या रायफलीत घातला, गेज लावलं. नाही लागला. बरोबर.

मग पलीकडे जाऊन थोरल्यांचा बसवला. माझी जीभ काही गप्प बसेना. म्हटलं, "पाटील, डोळ्यासाठी पाय उचलला नाहीत. लोखंडाच्या तुकड्यासाठी बरे धावलात."

"डोळ्यासाटी आलो म्हनलो असतो, तर दिला असता का त्येनं?" ते म्हणाले. आणि रायफल भिंतीला टेकवत, "डावा माझ्या विटीनं गेलाय, मिस्त्री. त्येला वाटतंय मी मुद्दाम मारली."

मी हत्यारं पिशवीत भरली.

संध्याकाळपर्यंत मला त्यांनी सोडलं नाही. आधी त्यांचा बार झाला. मग ते भिंतीला कान लावून उभे राहिले. पलीकडे बार उडाला, आणि पाठोपाठ धाकटे नेहमीसारखे त्यांना शिव्या घालू लागले, तेव्हा कुठे थोरले खाली बसले.