दाराबाहेरच्या निळ्या सँडल

निशिगंधा चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जोड तपासते. प्रत्येक जोड एकदा ओढून बघायचा, सुटला तर बाजूला टाकायचा. लग्न सुटलं तेव्हा मात्र कौटुंबिक न्यायालयाला विचारावं लागलं. हुकूम झाला : मुलगी सुखदा वडिलांकडे, अवधूतकडे राहील, शाळेच्या सुट्ट्यांचा अर्धा भाग आईकडे. हुकूम सही-शिक्क्याचा होता. उणीव एकच, तो अवधूतने पाळायचा होता.

मागच्या मेमध्ये सुखदाला कांजिण्या आल्या. दिवाळीत संस्कार शिबिर आलं. शेवटी निशिगंधाने हुकमाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावली आणि या मेमधल्या एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, कोर्टाचे बेलीफ भिमाजी तिच्यासोबत पिंपळे गुरवमधल्या अवधूतच्या इमारतीचा जिना चढले. लिफ्ट होती, भिमाजींचा लिफ्टवर विश्वास नव्हता.

"पोरगी न्हाई भेटली तर 'मिळून आली नाही' असं लिहावं लागंल, ताई. मग पुढची तारीख."

पुढची तारीख म्हणजे जून. जूनमध्ये शाळा.

अवधूतने दार साखळीपुरतं उघडलं. तळवड्याच्या आयटी पार्कातला माणूस. हुकूम वाचून "नोटेड" म्हणाला. "सुखदा माझ्या आईबरोबर देहूला गेलीये, दर्शनाला. राहणार आहेत तिकडेच."

भिमाजींनी पेन काढलं. निशिगंधाने मान खाली घातली, तर समोर चपलांचा रॅक. त्यावर पद्माबाईंच्या, म्हणजे एकेकाळच्या सासूबाईंच्या, चपला. शेजारी सुखदाच्या निळ्या सँडल. अवधूतने बाकी सगळा विचार केला असणार. पण रॅक आवरणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

"दोघी अनवाणी गेल्या?"

"नवस आहे."

सत्यनारायणाला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाचा नवस.

"चपलांची साक्ष घेता येत न्हाई मला," भिमाजी हळू आवाजात म्हणाले. "आन् आत शिरायचा हुकूम न्हाई."

ओरडायची सोय नव्हती. मागचं ओरडणं अवधूतने मोबाईलवर घेऊन कोर्टात ऐकवलं होतं, आणि मोबाईल आताही त्याच्या हातात तयार होता. निशिगंधा वाकली. डाव्या सँडलचा बंद लोंबत होता. सँडल उचलून सवयीने तिने तो ओढून पाहिला. मग रोजच्या आवाजात म्हणाली, "सुखदा, तुझ्या उजव्या सँडलचा बंद तुटलाय गं. आता घालणार काय?"

अवधूत दार लोटू लागला.

"उजव्या नाही, डाव्या!" आतून आवाज आला. "बाबाला कधीचं सांगतेय मी!"

भिमाजींनी पेनला टोपण लावलं. "देहू लई जवळ आलं की हो, साहेब."

साखळी काढली ती पद्माबाईंनी. मुलाकडे न बघता म्हणाल्या, "थांब, कपडे भरून देते तिचे."

सुखदा उंबऱ्यात येऊन भिमाजींकडे बघत उभी राहिली. "धरा हात आन् चला, ताई," ते म्हणाले. निशिगंधाने हात नुसता पुढे केला. ओढला नाही. सुखदाने आधी तिच्या हातातली तुटकी सँडल घेतली, मग हात.

जिना ती अनवाणीच उतरली. अवधूतचा नवस तेवढा पुरा झाला.