आई मंगल, अर्जदार सुनीता

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीने दिंडोरीच्या सुनीता जाधव यांचा तातडीचा व्हिसा नाकारला. कारण एका ओळीचं होतं: अर्जदार ही रुग्णाची आई असल्याचं सिद्ध होत नाही.

रुग्ण म्हणजे त्यांची मुलगी पूनम. त्या देशात ती नर्स होती. ड्युटीवर असतानाच मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती व्हेंटिलेटरवर गेली. आईला लवकर पाठवा, असा मेल तिथल्या डॉक्टरांनी केला होता. वडील हयात नव्हते.

मी नाशिकमध्ये व्हिसा कन्सल्टंट आहे. अर्ज भरणं, कागद लावणं हे माझं काम. व्हिसा देणं वकिलातीच्या हातात. हे मी प्रत्येक क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगतो.

पूनमच्या पासपोर्टवर आईचं नाव सुनीता होतं. आम्ही तोच जोडला होता. वकिलातीने वर पूनमचा जन्मदाखला मागितला. सुनीताबाईंचे भाऊ निवृत्ती यांनी तो चांदवडहून काढला आणि वेळ वाचावा म्हणून थेट मुंबईला नेऊन दिला. त्याची प्रत मी नकारानंतर वाचली. आईचं नाव: मंगल.

"ही मंगल कोण?"

"मीच," सुनीताबाई म्हणाल्या. "लग्नाआधीची."

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, तेव्हा त्या सुनीता झाल्या. पहिलं बाळंतपण, पूनमचं, माहेरी चांदवडला झालं. दवाखान्यात नाव सांगायला निवृत्ती गेले होते.

"मंग काय सांगणार?" शेजारी बसलेले निवृत्ती म्हणाले. "आमच्या घरात ती मंगलच. आजबी मंगलच हाय."

"दादा, तुला कोणी बोललं का काही?"

"नाय. पण त्या सायबाला कोणीतरी सांगा ना, तांदळात नाव लिहित्यात म्हणून."

दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र संध्याकाळपर्यंत नोटरीकडून करून घेतलं आणि मेल केलं. लगेच उत्तर आलं: आपला संदेश मिळाला, कृपया पुन्हा मेल करू नये. फोनवर आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग संगीत, मग लाइन कट.

बुधवारी सकाळी आम्ही तिघे वकिलातीच्या गेटवर होतो. गार्डने अपॉइंटमेंट विचारली. ती पुढच्या महिन्याची मिळत होती. मी हॉस्पिटलचा मेल दाखवला. गार्ड तो आत घेऊन गेला. जेवणाची सुट्टी व्हायच्या थोडं आधी आम्हाला खिडकीशी बोलावलं. काचेमागची बाई मराठी होती.

"प्रतिज्ञापत्र चालत नाही. गॅझेट लागेल."

गॅझेट म्हणजे नाव बदलल्याची सरकारी जाहीर नोंद. ती यायला आठवडे जातात.

"मुलगी व्हेंटिलेटरवर आहे, मॅडम."

"तसं मेलमध्ये लिहा."

"मेलला मशीन उत्तर देतं."

सुनीताबाई काचेजवळ गेल्या.

"ताई, तुमच्या आईचं नाव नव्हतं का बदललं?"

"बदललं होतं, मावशी. पण सही करणाऱ्या साहेबांच्या आईचं नव्हतं बदललं."

त्यांनी प्रतिज्ञापत्र आत ओढून घेतलं. खिडकी बंद झाली.

शुक्रवारी संध्याकाळी व्हिसा मंजूर झाल्याचा मेल आला. पासपोर्ट सोमवारी मिळणार होता. शनिवार-रविवार वकिलात बंद असते. मी इमर्जन्सी नंबरवर फोन लावला. तो फक्त त्यांच्या नागरिकांसाठी होता.

रविवारी पूनम गेली. हॉस्पिटलचा फोन निवृत्तींना आला. नातं त्यांनाच विचारलं गेलं. मामा, ते म्हणाले.

सोमवारी मी पासपोर्ट घेतला. व्हिसा बरोबर होता. नाव, जन्मतारीख, सगळं.

तेव्हापासून व्हिसासाठी आलेल्या प्रत्येक आईला मी आधी माहेरचं नाव विचारतो.

पुढच्या आठवड्यात शवपेटी मुंबई विमानतळाच्या कार्गोत उतरली. सोबतच्या मृत्युदाखल्यावर आईचं नाव मंगल होतं. वकिलातीत दिलेल्या जन्मदाखल्यावरून ते घेतलं होतं. कार्गोच्या कर्मचाऱ्याने सुनीताबाईंचं आधार कार्ड पाहिलं. काही विचारलं नाही. सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं. त्यांनी सुनीता अशी सही केली. पेटी त्यांच्या ताब्यात मिळाली.