पुऱ्या बंद करणाऱ्या अक्का

उष्टी ताटं ठेवायची जागा असते ना, तिथे अक्का उभ्या असायच्या. तुम्ही कुठल्याही कॅन्टीनमध्ये पाहा, मुख्य स्वयंपाकी वाढपाच्या बाजूला उभा असतो. कौतुक तिथेच मिळतं. अक्का मात्र पदर खोचून, हात मागे बांधून परत आलेल्या ताटांपाशी थांबत आणि कुणी काय टाकलंय ते बघत. एखाद्याने भाजी बाजूला सारलेली दिसली, की मान तिरकी करून विचारत, "काय सार, उप्पु कमी पडलं?" सार म्हणजे सर, उप्पु म्हणजे मीठ. आपण घाईघाईने "छान होतं" म्हणावं, तर त्या ताटाकडे बोट दाखवत. "तोंड छान म्हणतंय. ताट नाही म्हणत."

मी सांगलीहून म्हैसूरला आलो, पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात लागलो आणि पहिल्याच दुपारी कॅन्टीनमध्ये मराठी ऐकून चमकलो. अक्कांच्या घराण्याला म्हैसुरात कित्येक पिढ्या झाल्या होत्या. घरात मराठी, बाहेर कन्नड. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होई आणि शेवटी कुठे पोहोचेल याचा नेम नसे. "सार, आज जेवण स्वल्प उशीर होतंय, सुम्ने बसा पाच मिनिटं." सुम्ने म्हणजे उगी, गुपचूप. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे माझीच मराठी त्या वळणावर गेली.

अक्कांच्या पुऱ्यांची ख्याती मोठी होती. मंगळवारी आणि शुक्रवारी पुरी-सागू. टम्म फुगलेल्या, हाताला तेल लागणाऱ्या पुऱ्या आणि बरोबर खोबरं घातलेली बटाट्याची पातळ भाजी. लोक रजा टाकताना वार बघत. मीही सहा-सात पुऱ्यांवर थांबत नसे.

मग एका वर्षी कारखान्यात सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली. आमच्या विभागातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. माझं तर इतकं, की डॉक्टरांनी कागद माझ्याकडे फिरवून आकडा दाखवला आणि गोळी लिहून दिली. आम्ही जेवताना त्यावर थट्टा करत होतो. ताटं ठेवायला गेलो तेव्हा अक्का म्हणाल्या, "कुणाकुणाला आलंय?"

आम्ही हात वर केले, शाळेतल्यासारखे. अक्कांनी एकेकाकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या हातचं खाऊन?"

कुणीतरी समजूत काढली, "अक्का, आम्ही घरीही खातो की."

"घरी एकदा खाता. इथं नाश्ता, जेवण, दोनदा." एवढं बोलून त्या आत गेल्या.

आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, म्हैसूरच्याच. दुसऱ्या दिवशी अक्का त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे काय झालं ते अक्कांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी सगळे डबे उघडून समोर ठेवले आणि म्हणाल्या, "बाई, आधी दोष सांगा."

बाईंनी एकेक सांगितला. सगळ्यात आधी वनस्पती तुपाचा डबा. तो हृदयाचा वैरी, तो पूर्ण जाऊ दे. मग रोज तापवलेलं, काळं पडलेलं, वर नवं तेल ओतून चालवलेलं तळणाचं तेल. मग पामतेल. तूप आणि खोबरं विष नाही, पण चमच्याने मोजून. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, तिळाचं तेल बरं, मात्र तेही बरं आहे म्हणून ओतायचं नाही. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या वाढवा.

"मग चव कुठून आणू?" अक्कांनी विचारलं.

"ते मला येत नाही," बाई म्हणाल्या. "ते तुम्हाला येतं."

हे वाक्य अक्कांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा कुणीतरी मानाचं पान दिल्यासारखा झाला होता.

त्या दिवसापासून कढईतलं उरलेलं तेल परत डब्यात गेलं नाही. भांडारातल्या साहेबांनी शेंगतेल द्यायला कुरकुर केली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "डबे कमी पाठवा. पण हेच पाठवा." मंगळवार आला. लोक रांगेत उभे राहिले आणि समोर नाचणीची रोट्टी, पालेभाजीचं सारू, म्हणजे आपलं सार, आणि मुगाच्या डाळीची कोसंबरी, म्हणजे कोशिंबीर. यंत्रशाळेतल्या एका धिप्पाड गड्याने ताट टेबलावर आपटलं. त्याच्यामागून चार जणांनी आपटलं. बरेच जण फाटकाबाहेरच्या गाडीवर तळलेले बोंडे खायला गेले.

ते दोन-तीन आठवडे मला चांगले आठवतात. ताटं अर्धी भरलेली परत यायची. अक्का नेहमीच्या जागी उभ्या असायच्या, प्रत्येक ताट बघायच्या, पण कुणाला काही विचारायच्या नाहीत. तीस वर्षं जिच्या हातचं लोक बोटं चाटून खात आले, तिला रोज दुपारी हे बघावं लागत होतं. शेवटी व्यवस्थापकांनी बोलावलं. फार तक्रारी आहेत, पुऱ्या सुरू करा, म्हणाले.

"करते की," अक्का म्हणाल्या. "महिन्यातून एकदा, नव्या तेलात. रोज पाहिजे तर दुसरी बाई बघा."

त्या वेळी त्यांची मुलगी शिकत होती आणि घर याच नोकरीवर चाललं होतं. व्यवस्थापकांना हे माहीत होतं, अक्कांनाही. मग व्यवस्थापक म्हणाले, "बरं, दोन महिने बघू."

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. त्या आमच्या विभागात कधी येत नसत. "सार, तुमच्या सांगलीकडं तेल कमी घालून चव कशानं आणतात?"

मी आईला फोन लावला. आईने जवसाची चटणी सांगितली. आता जवस म्हणजे काय, हे अक्कांना सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. हावभाव करून झाले, कागदावर चित्र काढून झालं. अखेर आईने पाठवलेली पुडी आली. अक्कांनी दाणे तळहातावर घेतले, दोन चावले आणि म्हणाल्या, "अय्यो, हे अगसे की. आमच्या सासूबाई म्हशीला घालायच्या."

म्हशीचं खाद्य म्हणून हिणवलेलं जवस पुढच्या सोमवारी सगळा कारखाना मागून मागून खात होता. भाजलेलं जवस, लसूण, सुकी मिरची, चिंचेचा कण. मग अक्कांना वाटच सापडली. फोडणी आधी भरपूर न घालता शेवटी चमचाभर घालायची, म्हणजे वास वरती राहतो. हुरळी, म्हणजे आपले कुळीथ, त्यांचं दाट सारू. चहाबरोबर बोंड्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, मूठभर. मी एकदा दुसरी मूठ मागितली, तर म्हणाल्या, "चांगलं आहे म्हणून पोतं खाणार काय?"

ताटं हळूहळू रिकामी परत येऊ लागली. यंत्रशाळेतला तो धिप्पाड गडी एका मंगळवारी तिसरी रोट्टी मागायला आला. अक्कांनी चेहरा जराही न हलवता ती त्याच्या ताटात ठेवली आणि आत गेल्या. आतल्या बाईने मला सांगितलं, की अक्का भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हसत होत्या.

पण अक्कांचा खरा मोठेपणा मला वेगळ्याच दिवशी दिसला. आमच्यातला रंगकामाचा एक सहकारी मोठ्या प्रेमाने त्यांना म्हणाला, "अक्का, तुमच्या जेवणाने मी बरा झालो. गोळ्या सोडूनच दिल्या."

मला वाटलं, अक्का फुलून जातील. त्यांनी वाढायचा डाव खाली ठेवला. "कुणाला विचारून?"

"कुणाला कशाला विचारायचं? तुमचं जेवण आहे की."

"मी स्वयंपाकीण आहे, डॉक्टर नाही. बाईंकडं जाऊन या, मग ताट." आणि खरंच, त्यांनी त्याला वाढलं नाही. तो चिडून गेला आणि अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन परत आला. गोळी चालू ठेवायची होती. अक्कांनी त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं, शेजारी पाण्याचा पेला.

त्यानंतर बाईंनी अक्कांनाच गाठलं. सगळ्यांची तपासणी झाली, तुमची कुठे झाली? अक्का टाळत होत्या. अखेर रक्त दिलं आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. खोलात गेल्यावर कळलं, की अक्का आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी, उभ्या उभ्या, भांड्याच्या तळाशी उरलेलं खात आल्या होत्या. आणि तळाशी उरतं ते तेलात मुरलेलंच, हे तुम्हाला माहीतच आहे.

मला वाटलं होतं, हे त्या कुणाला सांगणार नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला गेलो, तर ज्या फळ्यावर रोजचे पदार्थ लिहीत, तिथे अक्कांचा रिपोर्ट टाचणीने लावलेला. व्यवस्थापक थबकले, डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अक्का, हे खासगी असतं."

"तुमच्यात खासगी. मी यांना रोज उपदेश करते, मग माझं यांना दिसायला नको?"

बाईंनी तो कागद काढायला लावलाच. पण त्या दिवसापासून अक्का साडेबारा वाजता आमच्याबरोबर टेबलाशी बसून जेवू लागल्या, पहिल्या पंगतीला, ताजं. त्यांनी गोळीही सुरू केली आणि ती सगळ्यांसमोर घेत.

पुढच्या तपासणीत आमच्यातल्या पुष्कळांचे आकडे उतरले. माझा उतरला, अक्कांचाही उतरला. जेवण, चालणं, गोळ्या, सगळ्याचा मिळून हा परिणाम आहे, असं बाईंनी सांगितलं. अक्का म्हणाल्या, "हौदु, हो बाई. पण जेवण पण." आमच्या कारखान्याचे पंप कुठे कुठे जातात, ते मी पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. पण खरं सांगू का, त्याहून जास्त अभिमानाने मी त्यांना आमच्या कॅन्टीनमध्ये जेवायला नेत असे.

अक्का निवृत्त होऊन आता म्हैसूर जिल्ह्यातल्याच सरगूर गावी मुलीकडे राहतात. त्या शिकलेल्या मुलीला तिथल्या शाळेत नोकरी आहे. मागच्या हिवाळ्यात मी आणि बायको भेटायला गेलो. अक्का घरी नव्हत्या. शेजारच्या गल्लीत एका गृहस्थांच्या हृदयावर उपचार होऊन ते नुकतेच म्हैसूरहून घरी आले होते, आई तिकडे आहे, असं मुलीने सांगितलं आणि ती आम्हाला तिथे घेऊन गेली.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. त्या घरची सून चुलीपाशी उभी होती, हातात तेलाचं भांडं. अक्का तिच्या शेजारी उभ्या होत्या, जरा वाकलेल्या, केस पुरते पांढरे झालेले. सून तेल ओतायला लागली तसं अक्कांनी हळूच तिचं मनगट धरलं. धार बारीक झाली, थेंब थेंब पडली आणि थांबली. अक्कांनी मनगट सोडलं नाही. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं.

"पुरे," अक्का म्हणाल्या. "आता जिरं टाक."

आम्ही दारातच थांबलो. हाक मारावीशी वाटली नाही.